बॅग कोणी भरायची?

नमस्कार, श्रोतेहो.

सुट्टी तोंडावर आली की माझा फोन वाजायला लागतो. मुलांच्या ख्रिस्ती उन्हाळी शिबिरांत मी बरीच वर्षं स्वयंसेविका म्हणून काम केलं, त्यामुळे ओळखीचे आईवडील पोराला पहिल्यांदा पाठवायचं ठरलं की मला गाठतात. विचारणं बहुधा एकच असतं: बरोबर काय काय द्यायचं? टॉर्च लागेल का, टॉवेल किती, बायबल मोठं द्यावं की छोटं. मी सांगते सगळं. पण ती बॅग भरणार कोण, हे आजवर मला कुणी विचारलेलं नाही. म्हणून आज ते मीच काढते.

एक नऊ वर्षांची मुलगी आठवते. शिबिराच्या चौथ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की पोरगी आली त्या दिवशीच्याच शर्टात वावरतेय. तिला बॅग उघडायला लावली. आत प्रत्येक दिवसाचे कपडे वेगवेगळ्या पिशवीत, कडक घड्या, पिशवीवर वाराची चिठ्ठी. साबणाचं वेष्टणसुद्धा निघालेलं नव्हतं. मी म्हटलं, "अगं, एवढे कपडे आहेत की!" तर म्हणाली, "आईनं लावलंय ना, ताई. मी काढलं तर मला परत तसं लावता येणार नाही."

त्या आईनं माया कमी केली नव्हती. फक्त बॅग भरताना मुलगी शेजारी नव्हती. तेव्हा माझं पहिलं सांगणं असं, की बॅग मुलालाच भरू द्या. तुम्ही यादी वाचा आणि हात मागे बांधून बसा. घड्या वेड्यावाकड्या होतील, होऊ देत. कुठली वस्तू कुठे आहे हे त्याला अंधारात चाचपडून कळलं पाहिजे, कारण शिबिरात ती तशीच शोधावी लागते. मग बॅग रिकामी करायला सांगा आणि पुन्हा भरायला सांगा. निघायच्या दिवशी तर त्याला ती एकट्यानंच भरायची असते, तीही ओल्या कपड्यांसकट.

याच्या जोडीला बारीकसारीक कामं येतात. आपले केस आपण विंचरणं, कपडा पिळून वाळत घालणं, पांघरुणाची घडी, रात्री कुणाला न उठवता टॉर्च घेऊन बाथरूमपर्यंत जाऊन येणं. एखादं मूल रात्री अंथरूण ओलं करत असेल, तर ते शिबिराच्या ताईला किंवा दादाला आधी बाजूला घेऊन सांगून ठेवा. लपवू नका. आम्हाला त्यात नवल वाटत नाही. चादर गुपचूप बदलायची आमची पद्धत ठरलेली असते. माहीतच नसेल तर मात्र सकाळी सगळ्या खोलीसमोर त्या पोराची फजिती होते.

आता घरच्या आठवणीबद्दल. घराबाहेर राहणाऱ्या बहुतेक मुलांना ती कधी ना कधी येतेच. खेळताना, पोहताना येत नाही. दुपारच्या विश्रांतीला येते, जेवणाच्या वेळी येते, आणि दिवा मालवला की हमखास येते. पोटात दुखतंय म्हणून येणाऱ्या मुलाचं पोट पुष्कळदा ठणठणीत असतं. म्हणून घरीच मोकळेपणानं सांगा: "तुला आमची आठवण येईल, रडूही येईल. येऊ दे. तुझं काही चुकतंय असा त्याचा अर्थ नाही." आणि रडू आल्यावर काय करायचं, तेही त्याच्याशीच बोलून ठरवा. कुणी डायरी लिहितं, कुणी ताईजवळ जाऊन बसतं, कुणी प्रार्थना म्हणतं. आधी दोनचार रात्री आजीकडे किंवा मामाकडे राहायला पाठवा, तुमच्याशिवाय आणि मधे फोन न करता. हा सराव फार उपयोगी पडतो.

एक वाक्य मात्र चुकूनही बोलू नका. "नाही करमलं तर फोन कर, मी लगेच घ्यायला येतो." ऐकायला किती प्रेमळ! अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं 2007 मध्ये घरच्या ओढीवर एक अहवाल काढला, त्यातही आईवडिलांना या वचनापासून सावध केलेलं आहे. कारण साधं आहे. आपल्याला हे जमणार नाही असं बाबांना वाटतं, हेच मूल त्यातून ऐकतं. वरून सुटकेचं दार किलकिलं दिसत राहतं, आणि रमायचं सोडून ते त्या दाराकडे बघत बसतं. बघत बसलेलं मूल मी प्रत्यक्ष पाहिलंय. अकरा वर्षांचा मुलगा, बुटांच्या नाड्या बांधलेल्या, बॅग मांडीवर, फाटकाजवळच्या कट्ट्यावर. पलीकडे मुलं रस्सीखेच खेळत होती, तो रस्त्यावरच्या प्रत्येक गाडीचा आवाज ऐकत होता. वडिलांनी शब्द दिला होता ना. आम्ही त्याला उठवायला गेलो तर तो आमच्यावरच रागावला, आणि त्याचं बरोबरच होतं. खरं तेवढंच सांगा: "अमुक दिवशी आम्ही येऊ." कॅलेंडरवर त्या तारखेला गोल करून द्या. आजारपण किंवा खरी अडचण आली तर शिबिराचे मोठे लोक आपल्याला कळवतील, हेही सांगा. ते वेगळं आणि हे वेगळं.

पत्रांचंही तसंच. बऱ्याच शिबिरांत मुलांना मोबाइल ठेवू देत नाहीत आणि मला ते पटतं. मग पत्रं लिहा. निघण्याआधीच दोनतीन लिहून शिबिरवाल्यांच्या हाती द्या, म्हणजे पहिल्याच दिवशी एक पोचतं. पण काय लिहिता ते बघा. माझा मुलगा पहिल्यांदा शिबिराला गेला तेव्हा इतरांना शहाणपण शिकवणाऱ्या मी त्याला लिहिलं होतं, "तुझ्यावाचून घर खायला उठतंय." परत आला तेव्हा ते पत्र घडीवर फाटलेलं होतं, इतक्या वेळा उघडलं होतं त्यानं. त्याला आईला सावरायला यायचं होतं. दहा वर्षांचं पोर! तेव्हापासून मी सांगते, पत्रात प्रश्न विचारा. पोहायला कुठवर शिकलास? तुझ्या गटाचं नाव काय ठेवलंय?

पवित्र शास्त्रात पहिल्या शमुवेलाच्या दुसऱ्या अध्यायात एक बारीकशी गोष्ट आहे. हन्नानं आपला मुलगा शमुवेल देवाच्या सेवेसाठी एली नावाच्या याजकाकडे ठेवला, आणि दरवर्षी यज्ञासाठी तिकडे जाताना ती त्याच्यासाठी एक छोटा झगा शिवून नेई. मला नेहमी वाटतं, ती माप कशावरून घेत असेल? वर्षभर मुलगा डोळ्यांसमोर नाही. शेजारच्या पोरांवरून अंदाज बांधत असेल, चार बोटं जास्त धरत असेल. पुढच्या अध्यायात तोच शमुवेल रात्री देवाची हाक ऐकून उठतो आणि धावत एलीकडे जातो, "मला हाक मारलीत ना?" असं तीनदा होतं. म्हातारा एली पहिल्यांदा रागावत नाही, दुसऱ्यांदाही नाही. मध्यरात्री तिसऱ्यांदा दार वाजवणाऱ्या मुलाशी शिबिराची माणसं कशी वागतात, यावरून मी शिबिराची पारख करते.

ती पारख तुम्हीही करा. नाव नोंदवताना प्रश्न विचारायला लाजू नका. देवाचं काम आहे म्हणून चौकशी करायची नाही, असं काही नसतं. स्वयंसेवकांची पूर्वमाहिती तपासता का? एक मोठा माणूस आणि एकच मूल बंद खोलीत राहू नये असा नियम आहे का? रात्री खोलीवर लक्ष कोण ठेवतं, पाण्याजवळ जीवरक्षक असतो का, आणि मुलांची मोजणी कधी कधी होते? मोजणीचं विचाराच. लूकच्या शुभवर्तमानात बारा वर्षांचा येशू यरुशलेमात मागे राहिला, तेव्हा मरीया आणि योसेफ दिवसभर चालले ते "बरोबरच्या मंडळींत असेल" या समजुतीवर. सापडला तो तीन दिवसांनी. एवढ्या जपणाऱ्या आईवडिलांचंही असं होतं, तर पन्नास मुलं सांभाळणाऱ्यांनी समजुतीवर चालून भागणार नाही. औषधं मुलाच्या बॅगेत ठेवू नका; मूळ वेष्टणात, किती आणि केव्हा ते लिहून, जबाबदार माणसाच्या हाती द्या. दम्याचा पंप सोबत कोण बाळगणार, तेही तिथंच ठरवून घ्या. ॲलर्जी असेल तर फॉर्मवर लिहाच, आणि तोंडीही सांगा. मुलालाही सांगून ठेवा: कुणीही, अगदी प्रार्थना घेणाऱ्या माणसानंही, "हे घरी सांगू नकोस" म्हटलं, तर तेच आधी सांगायचं.

आता श्रद्धेकडे येते, कारण ख्रिस्ती शिबिर म्हणजे नुसती सहल नव्हे. सुट्टीतल्या या कामाची सुरुवात मला फार आवडते. 1868 च्या उन्हाळ्यात वेल्समधल्या लँडडनोच्या किनाऱ्यावर जोसाया स्पायर्स नावाच्या गृहस्थांनी वाळूत मोठी अक्षरं आखली, "देव प्रीती आहे", आणि खेळणाऱ्या मुलांना शंखशिंपले नि शेवाळ लावून ती सजवायला बोलावलं. मुलं आधी हातांनी कामाला लागली, गोष्ट नंतर ऐकली. पुढे 1885 मध्ये अमेरिकेत समनर डडली सात मुलांना घेऊन एका तळ्याकाठी राहायला गेले. वायएमसीए या ख्रिस्ती युवक संघटनेचं ते शिबिर आजही चालू आहे. पण एक फरक ध्यानात घ्या. किनाऱ्यावरच्या मुलांचे आईवडील जवळपासच होते, कंटाळा आला तर मूल उठून जाऊ शकत होतं. शिबिरातल्या मुलाला उठून जायला जागा नसते.

म्हणून त्याला आधी कळलं पाहिजे की तिथं काय काय घडतं. सकाळी शांत वेळ, मग छोट्या गटात बायबल अभ्यास, वचनांचं पाठांतर, गाणी, संध्याकाळची सभा. कुणी हात वर करून गाईल, कुणी गुडघे टेकेल, कुणी मोठ्यानं रडत प्रार्थना करेल. तुमच्या चर्चमध्ये तसं होत नसेल तर मूल बिचकतं. त्याला सांगा, वेगळं आहे, चुकीचं नाही. मोठ्यानं प्रार्थना करायला सांगितली आणि तोंडातून शब्द फुटला नाही तर गप्प राहिलं तरी चालतं. गाणं येत नसेल तर दोन दिवसांत येतं. प्रश्न पडला तर विचारायचा. ख्रिस्ती नसलेल्या घरची मुलंही येतात, त्यांच्या आईवडिलांनी तर हे सगळं आयोजकांकडून स्पष्ट समजून घ्यावं. "बाप्तिस्म्यासारखी गोष्ट आम्हाला विचारल्याशिवाय होणार नाही ना?" हे कुणाही आईवडिलांनी विचारावं. चांगल्या शिबिराला त्याचा राग येत नाही.

शेवटच्या रात्रीबद्दल जरा हात राखून बोलते. शेकोटी असते, मुलं आठवडाभर कमी झोपलेली असतात, उद्या ताटातूट असते. अशा वेळी "येशूला जीवन कोण देणार?" असं विचारलं की हात भराभर वर जातात. काही हात अगदी खरे असतात. माझा स्वतःचा तसाच, शेकोटीपाशीच वर गेला होता. काही मैत्रिणीचा गेला म्हणून जातात. आणि ज्याचा हात खालीच राहिला, ते मूल त्या रात्री फार एकटं पडतं. तुमच्या मुलाला आधीच सांगून ठेवा, की हात वर केलास तरी आम्हाला आनंद आहे आणि नाही केलास तरी तू आमचाच.

पोचवायला जाल तेव्हा जास्त रेंगाळू नका. पलंग बघा, ताईदादांची ओळख करून घ्या, छोटीशी प्रार्थना करा, मिठी मारा आणि निघा. रडायचं असेल तर वळणापलीकडे गाडी थांबवून रडा. आम्हाला तिथं उभ्या असलेल्या गाड्या दिसतात, आम्ही कुणाला काही बोलत नाही.

आणि घ्यायला याल तेव्हा गाडीत बसल्या बसल्या "काय शिकलास, काय निर्णय घेतलास" सुरू करू नका. मूल आधी झोपेल. घरी आल्यावर बॅगही तुम्ही उघडू नका, त्यालाच उघडू दे. आत ओला टॉवेल असेल, वास मारत असेल. पाठ केलेल्या वचनांची चुरगळलेली चिठ्ठी निघेल, आणि एक मोजा बहुधा दुसऱ्याच कुणाचा असेल. तो कुणाचा, हे विचारलंत की पुढचं सगळं आपसूक ऐकायला मिळेल.

नमस्कार.