फुकट मिळालेली क्षमा स्वस्त असते का?

श्रोतेहो, नमस्कार.

ख्रिस्ती श्रद्धेवर एक आक्षेप पुन्हा पुन्हा घेतला जातो, आणि घेणारे बहुतेक जण तो प्रामाणिकपणे घेतात. ते म्हणतात, 'तुमची मोठी सोय आहे. आयुष्यभर हवं तसं वागा, शेवटी गुडघे टेकून "प्रभू, क्षमा कर" म्हणा, की झालं. मग सचोटीने वागणाऱ्याने कशासाठी झिजायचं?' आज मला याच आक्षेपाविषयी बोलायचं आहे. त्यासाठी आधी ख्रिस्ती माणूस पाप कशाला म्हणतो, ते पाहायला हवं.

बायबलचं पहिलं पुस्तक उत्पत्ती. त्याच्या तिसऱ्या अध्यायात आदाम आणि हव्वा मना केलेलं फळ खातात. ते सफरचंद होतं असं आपण ऐकतो, पण तिथे फळाचं नावही दिलेलं नाही. खरी गोष्ट सुरू होते ती फळ खाऊन झाल्यावर. दोघांना एकमेकांसमोर लाज वाटू लागते. देवाची चाहूल लागताच ती झाडांआड लपतात. देव हाक मारतो, 'तू कोठे आहेस?' मग आदाम बायकोकडे बोट दाखवतो आणि ती सर्पाकडे. अजून शिक्षा सुनावलेली नाही, पण भीती आली, लपणं आलं, दुसऱ्यावर ढकलणं आलं. देवाशी असलेलं नातं तुटलं आणि पाठोपाठ माणसांमधलंही. ख्रिस्ती श्रद्धा पापाकडे पाहते ती इथून. आज्ञा मोडणं हे पाप आहेच, पण त्या मोडण्याच्या मुळाशी देवावरचा उडालेला भरवसा असतो.

येशूने हे आणखी आत, मनापर्यंत नेलं. हाताने खून केला नाही म्हणून मनात जोपासलेला द्वेष निर्दोष ठरत नाही, असं तो डोंगरावरच्या प्रवचनात सांगतो. आणि काहीच न करणं? चांगल्या शोमरोनी माणसाच्या दाखल्यात, म्हणजे येशूने सांगितलेल्या बोधकथेत, याजक आणि लेवी हे देवळाचे सेवक आहेत. ते जखमी वाटसरूला लुटत नाहीत, मारत नाहीत. नुसते रस्त्याच्या दुसऱ्या बाजूने निघून जातात. मत्तयने लिहिलेल्या शुभवर्तमानाच्या, म्हणजे येशूच्या चरित्राच्या, २५ व्या अध्यायात शेवटच्या न्यायाचं वर्णन आहे, ते मी जेव्हा वाचतो तेव्हा अंगावर काटा येतो. तिथे दोषी ठरलेल्यांवर चोरीचा किंवा व्यभिचाराचा एकही आरोप नाही. मी भुकेला होतो, तुम्ही खायला दिलं नाही. मी तुरुंगात होतो, तुम्ही भेटायला आला नाहीत. आरोपपत्र एवढंच.

हे पाप माणसात जन्मापासून असतं का, यावर चर्चमध्ये मोठा वाद झाला. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला पेलॅजियस नावाचा साधू म्हणत होता की मनावर घेतलं तर माणूस स्वतःच्या बळावर निष्पाप जगू शकतो. संत ऑगस्टीनने त्याला कडाडून विरोध केला: आपली इच्छाशक्तीच आजारी आहे, कृपेवाचून ती चांगल्याकडे वळतच नाही. ४१८ साली कार्थेजच्या धर्मसभेने पेलॅजियसचं मत नाकारलं. पूर्वेकडची ऑर्थोडॉक्स परंपरा मात्र आदामाचा अपराध आपल्या माथी आला असं मानत नाही. तिच्या मते आपल्याला वारशाने मिळतं ते मरण आणि पापाकडचा ओढा. तपशील वेगळे असले तरी माणूस स्वतःला स्वतःच सोडवू शकत नाही, यावर दोघांचं एकमत आहे.

आता शिक्षेकडे येऊ. इथे मला थोडं थांबायचं आहे, कारण धर्माच्या नावाने सर्वांत जास्त क्रूरपणा इथेच होतो. कुणाचं मूल दगावतं, कुणाला दुर्धर आजार होतो, आणि समाचाराला आलेला कुणीतरी हळूच म्हणतो, 'काहीतरी पाप असणार.' येशूच्या शिष्यांनीही हेच विचारलं होतं. जन्मांध माणूस पाहून ते म्हणाले, हा कोणाच्या पापामुळे असा जन्मला, ह्याच्या की ह्याच्या आईबापांच्या? येशूचं उत्तर योहानाच्या शुभवर्तमानाच्या ९ व्या अध्यायात आहे: ह्याच्याही नाही आणि आईबापांच्याही नाही. दुसऱ्या एका प्रसंगी शिलोहाचा बुरूज कोसळून १८ माणसं मेली होती. यरुशलेमातल्या इतर सर्वांपेक्षा ते अधिक अपराधी होते असं तुम्हाला वाटतं का, असं विचारून त्याने स्वतःच 'नाही' असं बजावलं. लगेच पुढे म्हणाला की पश्चात्ताप तुम्हीही केला पाहिजे. म्हणजे दुसऱ्याच्या दुःखावरून त्याचं पाप मोजायचं नाही. आपल्या पापाकडे पाहायचं. दुःखात असलेल्या कुणाला आजवर हे बोलणं ऐकावं लागलं असेल, तर त्याला मी सांगतो, ते ख्रिस्ताचे शब्द नव्हते.

मग शिक्षा नाहीच का? आहे. 'पापाचे वेतन मरण आहे,' असं प्रेषित पौल रोममधल्या ख्रिस्ती लोकांना पत्रात लिहितो. नरकासाठी येशूने वापरलेलं नाव गेहेन्ना. मुळात ते यरुशलेमजवळच्या हिन्नोमच्या खोऱ्याचं नाव आहे. कधीकाळी तिथे मुलांचे बळी दिले गेले होते. नरक म्हणजे नेमकं काय, यावर ख्रिस्ती लोकांत एकवाक्यता नाही. बहुसंख्य परंपरा त्याला अनंतकाळची शिक्षा मानतात. काही जण पापी शेवटी नष्ट होतो असं म्हणतात. चौथ्या शतकातल्या निस्साच्या बिशप ग्रेगरींनी तर शेवटी सर्वांचा उद्धार होईल अशी आशा बाळगली. १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षण-ग्रंथात नरकाची व्याख्या आहे ती माणसाने देवापासून स्वतःला कायमचं तोडून घेण्याची. मला ही मांडणी सर्वांत खरी वाटते आणि सर्वांत भयंकरही. उत्पत्तीतल्या आदामासारखं लपून बसणं, आणि मग ते कधीच न संपणं.

पौलाचं ते वाक्य तिथे संपत नाही. 'पण देवाचे कृपादान आपल्या प्रभू येशू ख्रिस्तामध्ये सार्वकालिक जीवन आहे,' असं त्याचं पुढचं अर्धं आहे. मरण ही कमाई आणि जीवन हे दान. ते दान येशूच्या वधस्तंभावरच्या मरणातून आणि पुनरुत्थानातून मिळतं, हा ख्रिस्ती श्रद्धेचा गाभा. कसं मिळतं, याची मात्र अनेक उत्तरं आहेत. आरंभीच्या काळात ते खंडणी भरून गुलाम सोडवल्यासारखं समजावलं जाई. कँटरबरीचे आर्चबिशप अॅन्सेल्म यांनी १०९८ च्या सुमारास लिहिलं की पापाने देवाचा जो मान हिरावला, तो केवळ देव-मानवच फेडू शकतो. बाराव्या शतकात फ्रेंच धर्मपंडित आबेलार म्हणाला, वधस्तंभावरचं प्रेम पाहून माणसाचं मन पालटतं. ख्रिस्त आपल्यासाठी, आपल्या तारणासाठी आला, एवढं निकेयाचा विश्वासांगीकार, म्हणजे ख्रिस्ती श्रद्धेचं प्राचीन कबुलीपत्र, सांगतो. यांपैकी कुठलीही एक उपपत्ती तो लादत नाही. मला हे शहाणपणाचं वाटतं.

कृपा विकायला निघालं की काय होतं, हेही इतिहासाने पाहिलं. पैसे घेऊन पापाच्या शिक्षेतून सूट देणाऱ्या क्षमापत्रांच्या व्यवहाराविरुद्ध जर्मन धर्मगुरू मार्टिन ल्यूथरने १५१७ साली ९५ मुद्दे मांडले आणि युरोपातली मंडळी, म्हणजे चर्च, दुभंगली. केवळ विश्वासाने तारण, की विश्वास आणि कर्मं दोन्ही, यावरून चारशेहून अधिक वर्षं एकमेकांना दोष दिले गेले. अखेर ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीतल्या ऑग्सबुर्ग शहरात ल्यूथरन आणि कॅथलिक प्रतिनिधींनी संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या: देव आपल्याला स्वीकारतो तो केवळ कृपेने, आपल्या लायकीमुळे नव्हे, आणि तोच आपल्याला सत्कर्मांसाठी पाचारण करतो. यात सगळे मतभेद मिटले नाहीत, पण मूळ भांडण मिटलं.

आता त्या आक्षेपाकडे वळतो. 'शेवटी क्षमा मागितली की झालं' याचं ठळक उदाहरण म्हणून येशूशेजारी वधस्तंभावर खिळलेल्या गुन्हेगाराकडे बोट दाखवलं जातं. 'तू आज माझ्याबरोबर सुखलोकात असशील,' हे आश्वासन त्याला मिळालं, आणि त्याच्या हातून एकही सत्कर्म होण्याची शक्यता उरलेली नव्हती. पण लूकने त्याचं आधीचं बोलणंही नोंदवलं आहे. आपली शिक्षा न्याय्य आहे, आपल्या कृत्यांचं फळ आपण भोगतो आहोत, असं तो दुसऱ्या गुन्हेगाराला सांगतो. आणि क्षमा मिळाली म्हणून त्याला कुणी खाली उतरवलं नाही. देवाची क्षमा मिळाली म्हणजे कायद्याच्या शिक्षेतून सुटका झाली, असं बायबल म्हणत नाही. कुणावर अत्याचार झाला असताना 'क्षमा कर आणि विसर' असं पीडितालाच सांगून अपराध्याला पाठीशी घातलं जातं, तेव्हा ती क्षमा नसते. तो दुसरा अपराध असतो. जर्मन पाद्री डीट्रिख बोनहोफर यांनी १९३७ साली पश्चात्तापावाचून वाटल्या जाणाऱ्या अशा क्षमेला 'स्वस्त कृपा' म्हटलं आणि तिला मंडळीचा प्राणघातक शत्रू ठरवलं. नाझी राजवटीने १९४५ साली त्यांना फाशी दिली.

आणि ज्याच्या हाती वेळ आहे, त्याचं काय? त्यासाठी जक्कय आहे. यरीहोचा मुख्य जकातदार, श्रीमंत, लोकांच्या मनातून पार उतरलेला. बुटका म्हणून उंबराच्या झाडावर चढून येशूला पाहणारा. येशू त्याला काहीही अट न घालता म्हणतो, आज मला तुझ्या घरी उतरायचं आहे. लोक कुरकुरतात. आणि जक्कय उभा राहून सांगतो: अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याला कुणाला फसवलं असेल त्याला चौपट परत. स्वतःहून कबुली देणाऱ्याने मुद्दल आणि वर पाचवा हिस्सा द्यावा, एवढंच मोशेचं नियमशास्त्र बायबलमधल्या 'गणना' या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात सांगतं. जक्कय त्याच्या कितीतरी पुढे गेला, तेही कुणी न सांगता.

येशू त्याच्या घरी जायला निघाला तो हा शब्द ऐकण्याआधी. 'आज ह्या घराला तारण प्राप्त झाले आहे' असं तो म्हणाला ते हा शब्द ऐकल्यानंतर. पहिली गोष्ट विसरली की धर्म म्हणजे नुसती वसुली होते, आणि दुसरी विसरली की आपण सुरुवातीला ऐकलेला आक्षेप खरा ठरतो. लूककृत शुभवर्तमानाच्या १९ व्या अध्यायाची पहिली दहा वचनं आज घरी मोठ्याने वाचून पाहा, आणि जक्कयने ज्यांना फसवलं होतं, त्या माणसांच्या दारात उभं राहून ती ऐका. नमस्कार.