सोळा बाय सोळा

[पडदा काळा. मागाची खडखड. जुना टीव्ही हळूहळू उजळतो.]

खेळ सुरू झालाय, पण चित्रावर उभ्या रेघा आहेत. नीट पाहा, त्या वाटेल तिथे उमटलेल्या नाहीत. पडद्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत दर आठ ठिपक्यांमागे एक रेघ आहे. समोर बसलेल्या एकोणीस वर्षांच्या मुलाला त्यावरूनच दोष कुठे आहे ते कळलंय.

फॅमिकॉम हे टीव्हीला जोडायचं खेळाचं यंत्र जपानमध्ये १९८३ साली आलं. आपल्याकडे ‘टीव्ही गेम’ म्हणून जे खोके घरोघरी गेले, त्यांतले कितीतरी त्याच घराण्यातले. यांचं सगळं चित्र ८ बाय ८ ठिपक्यांच्या तुकड्यांनी बनतं. तुकड्याची एक ओळ वाचायची तर आठ तारांवरून आठ ठिपक्यांची माहिती येते. एक तार टेकली नाही की प्रत्येक तुकड्यात तोच एक ठिपका चुकतो आणि पडदाभर रेघा उभ्या राहतात.

[कॅसेटचा जवळून शॉट. पिनांवर पांढरं तूस.]

कॅसेटला ६० पिना आहेत. घर सोलापूरच्या पूर्व भागात, भिंतीपलीकडे माग, त्यामुळे सुताचं तूस इथे सगळीकडे जातं. सफाईची रीत साधी आहे, पण क्रम चुकवायचा नाही. आधी अॅडॉप्टर काढायचा. मग पांढरं खोडरबर पिनांच्या लांबीच्या दिशेनं हलक्या हातानं फिरवायचं; आडवं फिरवलं तर पिनेची कड उचलते. खोडरबराचा चुरा ब्रशनं झाडायचा, इअरबडवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पिना पुसायच्या आणि पाच मिनिटं सुकू द्यायच्या. फुंकर मारायची नाही. लहानपणी सगळ्यांनी मारली आहे, पण फुंकरीतली ओल पिनांवर बसते आणि पुढे तिथेच गंज धरतो. खोका ९ व्होल्टचा आहे आणि आतली ७८०५ ही आयसी ते ५ व्होल्टवर आणते. दुसरा अॅडॉप्टर लावताना व्होल्ट सगळेच बघतात, पिनेचं आतलं टोक अधिक आहे की उणं हे बघायचं राहून जातं. उलटा लागला की आयसी जळू शकते.

[टीव्ही. चित्र स्वच्छ. कट: शेडमधली चादर, तिच्यावर उभी रेघ.]

आता ही चादर पाहा. इथेही उभी रेघ आहे आणि दर दोन इंचांनी तीच. जकार्ड म्हणजे नक्षीसाठी मागावर बसवलेलं, हवे तेवढेच उभे धागे हुकांनी उचलणारं यंत्र. त्याचा एक हूक अडकलाय. नक्षी रुंदीत जितक्या वेळा येते, तितक्या ठिकाणी त्या हुकाचा धागा उचलायचा राहिला. टीव्हीतला दोष आणि हा दोष एकाच जातीचे. या मुलाची सगळी आवडनिवड इथून सुरू होते.

[खोली. ग्राफच्या वह्यांचा ढीग, भिंतीवर एकच पोस्टर.]

त्याला मोठमोठी जगं असलेले खेळ फारसे आवडत नाहीत. त्याच्या यादीत वर आहे १९८५ चा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’. अख्खा खेळ ४० किलोबाइटचा. रोज सकाळी येणारं ‘शुभ सकाळ’चं चित्रही सहसा त्याहून मोठं असतं. त्या खेळातला ढग आणि खालचं झुडूप एकाच आकाराचे आहेत, फक्त रंगांचा संच बदललाय. विणकराला हे वेगळं शिकवावं लागत नाही. जकार्डाचे पत्ते, म्हणजे नक्षीची भोकं पाडलेले पुठ्ठे, तेच ठेवून कांडीतलं सूत बदललं की दुसरी चादर तयार. मारिओला टोपी आहे, कारण एवढ्या थोड्या ठिपक्यांत केस नीट दिसत नाहीत. मिशी आहे, कारण तोंड काढायला जागा नाही. त्यानंतरचा त्याचा लाडका खेळ ‘सेलेस्ट’. २०१८ चा पूर्ण खेळ नव्हे, त्याआधी चार दिवसांत केलेली छोटी आवृत्ती. ती पिको-८ या संगणकावरच्या काल्पनिक खेळयंत्रावर चालते: १२८ बाय १२८ ठिपके, १६ रंग, बस्स.

अॅनिमेत, म्हणजे जपानी अॅनिमेशनमध्येही, तो हेच शोधतो. १ जानेवारी १९६३ ला जपानी टीव्हीवर ‘अॅस्ट्रो बॉय’ आला. सेकंदाला २४ फ्रेम, पण एकच चित्र तीन-तीन फ्रेम धरून ठेवायचं, म्हणजे सेकंदाला आठच चित्रं. शिवाय एकदा काढलेली चित्रं जपून ठेवून पुन्हा वापरायची. ‘डेमन स्लेयर’ तो बघतो तो त्यातल्या नायकाच्या, तंजिरोच्या, अंगरख्यावरच्या हिरव्या-काळ्या चौकड्यासाठी. जपानमध्ये या नक्षीला इचिमात्सु म्हणतात. अठराव्या शतकातल्या, काबुकी या जपानी नाट्यप्रकारातल्या एका नटावरून ते नाव पडलं. हातानं काढायचं तर अंगरख्याच्या प्रत्येक घडीबरोबर प्रत्येक चौकोन वाकवावा लागतो. म्हणून टीव्हीसाठीच्या अॅनिमेत कपडे बहुधा सपाट रंगाचे असतात. चौकडा निवडणं म्हणजे आपणहून काम वाढवून घेणं, आणि ते घेतलंय हे त्याला मनापासून आवडतं. हिंदी टीव्हीतलं काय, तर दूरदर्शनवरच्या ‘सुरभि’चे जुने भाग. कारागिराचे हात कुठे दिसतात, तिथे तो थांबतो.

[वही उघडते. १६ बाय १६ च्या चौकटीत पक्षी.]

हा माळढोक, नान्नजच्या माळावरचा. जपानी पात्र न घेता त्यानं आपल्या जिल्ह्यातला पक्षी घेतला आणि त्याला २५६ चौकोनांत बसवलं. सूत दोनच रंगांचं: काळं आणि गवती. डोक्यावरची टोपी काळी भरली, छातीवरचा पट्टा एक ओळ काळा. मान खरी पांढरी असते. ती गवती ठेवून दोन्ही बाजूंनी एकेक काळा चौकोन दिला, म्हणजे मान चार चौकोनांची झाली. पहिल्या कागदावर मान दोनच चौकोनांची होती आणि पक्षी कावळा दिसत होता.

सोलापुरी चादर दुहेरी असते: दोन थर एकावर एक, नक्षीच्या कडेला थर वर-खाली होतात. म्हणून उलटी केली की नक्षी तीच, रंग उलटे. याचा हिशेब आधी कागदावर करायचा. एका थरात इंचाला उभे धागे ४८ आणि आडवे ३२. एका चौकोनाला एक उभा आणि एक आडवा धागा दिला तर पक्षी दीडपट उंच होतो. म्हणून एका चौकोनाला उभे ६ आणि आडवे ४. दोन्ही दिशांना बरोबर एक सूत भरतं, इंचाचा आठवा भाग. सोळा चौकोन म्हणजे दोन इंच. दोन थरांचे मिळून चौकोनाला उभे धागे १२, सोळा चौकोनांना १९२. २०० हुकांच्या जकार्डात ते बसतात.

चित्र संगणकावर मोठं करतानाही एक खोड निघते. कडा गुळगुळीत करणारी सोय बंदच ठेवायची आणि फाईल पीएनजीत ठेवायची. जेपीजी कडेला करडे ठिपके सोडतं, आणि मागाला करडं कळत नाही. भोक आहे किंवा नाही, एवढंच त्याला कळतं.

[पत्ते पाडण्याचं यंत्र. पंचचा आवाज. बराच वेळ.]

एका आडव्या धाग्याला एक पत्ता. भोक असेल तिथला हूक उचलला जातो. चौकोनाच्या एका ओळीला काळे चार आणि गवती चार, असे आठ पत्ते. सोळा ओळींना १२८. पक्ष्याचा एकही काळा चौकोन नसलेल्या ओळीत गवती धाग्याच्या पत्त्यावर ४८ भोकं असतात आणि काळ्याच्या पत्त्यावर १४४, कारण काळा खालून विणताना वरचा गवती थर पूर्ण उचलून धरावा लागतो. पत्ता हातात घेतला की नुसत्या वजनावरूनही फरक लागतो, असं पत्ते पाडणारे मास्तर सांगतात.

पण या मुलाला पक्षी चालताना हवा होता. म्हणून पायांच्या तीन स्थिती काढल्या. वरच्या अकरा ओळी तशाच, खालच्या पाच बदलल्या. अॅनिमेवाले हेच करतात: चेहरा ठेवतात, ओठ हलवतात. खेळात तर जुना तुकडा नुसता पुन्हा बोलावता येतो. मागावर मात्र ती सोय नाही. पत्त्यांच्या माळेला मागे उडी मारता येत नाही, म्हणून तेच अठ्ठ्याऐंशी पत्ते तीनदा पाडले. एकूण ३८४.

[पत्ते ओवले जातात. मास्तरांचा आवाज: “नंबर बघून घे रे, उलटा गेला की पाय पुढचा मागं.”]

ओवताना एक पत्ता उलटा गेलाच. त्या एका धाग्यापुरता पक्षी आरशातला झाला. दुसरी चूक मोठी होती. आडवे धागे इंचाला ३२ ऐवजी ३६ बसत होते आणि माळढोक पावणेदोन इंचांत चेपला, बदकासारखा. कापड गुंडाळणारं चक्र बदलल्यावर तो ताठ उभा राहिला.

[माग. दोन धोटे, आळीपाळीनं. निवेदन नाही.]

पन्ना ६० इंच. रुंदीत तीस पक्षी, ताण्याचे, म्हणजे उभे, धागे ५,७६०. माळेचा एक फेरा सहा इंच विणतो. पंधरा फेऱ्यांत नव्वद इंचांची चादर उतरते. उभे पंचेचाळीस, आडवे तीस: एका चादरीवर १,३५० माळढोक.

नान्नजला खरा माळढोक दिसणं आता दुर्मीळ झालंय. आणि इलेक्ट्रॉनिक जकार्डाला पत्ते लागत नाहीत, त्यामुळे पत्ते पाडण्याचं कामही आटत चाललंय.

[खोली. टेबलावर चादर, वर स्टँडला मोबाइल.]

एका उभ्या रांगेतले पंचेचाळीस पक्षी. मोबाइल हलवायचा नाही. चादर दोन इंच ओढायची, एक फोटो. पुन्हा दोन इंच, पुन्हा एक. दिव्याचा उजेड एकाच बाजूनं पाहिजे, नाहीतर सुताची सावली प्रत्येक फोटोत वेगळी पडते. प्रत्येक फोटो दोन फ्रेम धरला की सेकंदाला बारा. पंचेचाळीस फोटोंचे पावणेचार सेकंद होतात.

[खडखड थांबते. जुना टीव्ही, रेघा नाहीत. गवती माळावर पक्षी चालू लागतो.]