थंडी चारी चाकांना सारखीच लागते

नमस्कार श्रोतेहो. सांगलीत सध्या दुपारी ३० अंश आणि पहाटे १२, अशी हवा आहे. अशा पहाटे गाडी चालू केली की मीटरवर पिवळा दिवा लागतो. घोड्याच्या नालेसारखा आकार, मध्ये उद्गारचिन्ह. हा दिवा टायरमधली हवा कमी झाल्याचा. थंडीत हवा आकसते, म्हणून दाब उतरतो. तापमान साधारण साडेपाच अंश उतरलं की एक पौंड जातो. दुपारी भरलेले ३३ पौंड पहाटे ३० भरतात. शिवाय चांगल्या टायरमधूनही महिन्याला पौंडभर हवा आपोआप जातेच. दसऱ्याला भरलेली हवा डिसेंबरात पुरत नाही ती यामुळे.

आता आमच्या शेजारच्या अण्णांची गोष्ट ऐका, मला ती सांगायला फार आवडते. मार्गशीर्षातल्या गुरुवारी अण्णा पहाटेच नृसिंहवाडीला निघतात. पहिल्या गुरुवारी घरातून निघताना दिवा लागला आणि जयसिंगपूरच्या अलीकडे आपोआप विझला. चाकं पळून तापली, दाब वाढला, दिवा गेला. अण्णा म्हणाले, थंडीचा दिवा आहे, राहू दे. दुसऱ्या गुरुवारी तो शिरोळपर्यंत राहिला. तिसऱ्या गुरुवारी वाडी आली तरी विझेना. मागे काकू आणि दोन नातवंडं बसलेली. परतताना अंकलीजवळ पंक्चरच्या दुकानात गाडी घातली. अण्णा म्हणाले, "थंडीनं हवा उतरलीय, चारीत भर." त्या पोरानं नळी बाजूला ठेवली आणि आधी प्रत्येक चाकाची हवा मोजली. तीन चाकं एकतीसच्या आसपास, मागचं डावं चोवीस. तो म्हणाला, "अण्णा, थंडीनं चारी चाकं सारखीच उतरत्यात. एकच उतरलं तर ती थंडी न्हवं." साबणाचं पाणी मारलं, बुडबुडे आले. बोटाच्या पेराएवढा खिळा निघाला. ट्यूबलेस टायर, खिळा रुतून बसलेला, हवा हळूहळू जात होती. त्याच चाकावर अण्णा तीन गुरुवार नातवंडांना घेऊन फिरत होते. तसा टायर लांबच्या पल्ल्यावर वेगात तापला की फुटू शकतो. त्या पोराचं वाक्य मी आज पुन्हा सांगतो: चारी सारखी उतरली तर थंडी, एकच उतरलं तर पंक्चर.

पहाटेच्या रस्त्याचा विषय निघालाच आहे तर कारखान्याला ऊस नेणाऱ्या माझ्या ट्रॅक्टरवाल्या भावांना हात जोडून विनंती. दोन-दोन ट्रॉल्या जोडता, मागे रिफ्लेक्टर लावा. कृष्णाकाठच्या धुक्यात ट्रॉली जवळ येईपर्यंत दिसत नाही. शंभर-दोनशे रुपयांच्या पट्टीनं माणूस वाचतो. कारखान्यांनी तर ही पट्टी पाहिल्याशिवाय ट्रॉली गेटातून आत घेऊच नये, असं माझं ठाम मत आहे.

तर हवा मोजायची कधी? सकाळी, गाडी हलवायच्या आधी, टायर थंड असताना. पुन्हा सांगतो, टायर थंड असताना. किती भरायची तो आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेला असतो. टायरच्या अंगावर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा, तो धरून भरू नका. गाडी पळाल्यावर तीन-चार पौंड जास्त दिसले तर हवा सोडूही नका, दुसऱ्या पहाटे दिवा पुन्हा लागेल. नायट्रोजन भरला म्हणून थंडी चुकत नाही, तोही तसाच आकसतो. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो.

गाडी चालू करताच हा दिवा मिनिटभर लुकलुकून मग स्थिर झाला, तर हवा नव्हे, यंत्रणाच बिघडलेली असते. मग गाडी गॅरेजला दाखवा. आणि हवा मोजाल तेव्हा डिकीतली स्टेपनीही मोजा, बऱ्याच गाड्यांत तिच्यासाठी हा दिवा लागत नाही. नमस्कार.