त्रिकोणातला आकडा

नमस्कार मंडळी. इथे येता येता मागच्या रिसायकलिंगच्या पेटीतून हा डबा उचलून आणलाय. बुडाशी बाणांचा त्रिकोण आहे, आत ५. त्रिकोण दिसला की आपण डबा टाकून मोकळे! पण १९८८ साली अमेरिकेतल्या प्लास्टिक उद्योगाने ही खूण काढली ती प्लास्टिकची जात कळावी म्हणून. ५ म्हणजे पॉलीप्रॉपिलीन. ते पुढे कोणी घेतं का, याच्याशी त्रिकोणाचा संबंध नाही.

देशोदेशीच्या टक्केवारीचंही तसंच. जर्मनी साधारण दोन तृतीयांश कचरा रिसायकल झाल्याचं सांगतं, अमेरिका २०१८ साली ३२ टक्के, आणि जपान जेमतेम २० च्या आसपास. जपान? जिथल्या कामिकात्सु गावात कचऱ्याचे चाळीसहून जास्त प्रकार वेगळे करतात तो? हो, तोच. जागा कमी, म्हणून तिथे बहुतेक कचरा जाळतात. भारतात तर भंगारवाले आणि कचरावेचक जे उचलतात, त्यातलं बरंचसं सरकारी हिशेबात येतच नाही. मग कोण पुढे, कोण मागे, हे ठरवायचं कसं?

२०१८ च्या सुरुवातीला चीनने बाहेरचं घरगुती प्लास्टिक आणि न निवडलेली रद्दी घेणं थांबवलं, तेव्हा श्रीमंत देशांची पंचाईत झाली. जहाजात चढलं की रिसायकल झालं, असा तोवरचा हिशेब होता.

मला विचाराल तर खरी मेख ओल्या कचऱ्यात आहे. जागतिक बँकेच्या अहवालानुसार गरीब देशांत निम्म्याहून जास्त कचरा ओला असतो, श्रीमंत देशांत साधारण एक तृतीयांश. तो पुरला की मिथेन, म्हणजे हवा तापवणारा वायू, आणि कोरड्यात मिसळला की चांगला पुठ्ठाही वाया. दक्षिण कोरियाने नेमकं इथेच बोट ठेवलं. १९९५ पासून कचऱ्याच्या पिशवीमागे पैसे, २००५ मध्ये अन्न पुरायला बंदी, २०१३ पासून उरल्यासुरल्या अन्नाचे वजनावर पैसे. सोलमधल्या अनेक इमारतींत कार्ड लावल्यावर पेटीचं झाकण उघडतं, वजन होतं, रक्कम घराच्या नावावर चढते. शेजाऱ्यासमोर आकडा झळकला की भाषणाची गरज उरत नाही!

असो. हा डबा आतून अजून तेलकट आहे, आणि इथल्या यादीत १ आणि २ आहेत, ५ नाही. ज्यांचा असेल त्यांनी मध्यंतरात माझ्याकडून घेऊन जावा.