काला बगाई वे: एका दुकानाची आणि एका आईची गोष्ट

[दृश्य: बर्कली, कॅलिफोर्निया. शॅटक अव्हेन्यू, रस्त्याच्या नावाची पाटी]

निवेदन:

बर्कली शहराच्या ऐन मध्यात एक छोटासा रस्ता आहे. काला बगाई वे. २०२१ पासून या पाटीवर एका भारतीय बाईचं नाव झळकतंय. याच बर्कलीत, साधारण शंभर वर्षांपूर्वी, या बाईंना स्वतःच्या घराचा उंबरठा ओलांडू दिला नव्हता.

काला बगाई सान फ्रान्सिस्कोच्या बंदरात उतरल्या सप्टेंबर १९१५ मध्ये. सोबत पती वैष्णो दास आणि तीन लहान मुलगे, ब्रिज, मदन आणि राम. कुटुंब पेशावरचं, खाऊनपिऊन सुखी. देश सोडण्यासारखी अडचण घरात नव्हती. पण इंग्रजांच्या राज्यात मुलं वाढवायची नाहीत, हे वैष्णो दासांनी मनाशी पक्कं केलं होतं. भारताच्या स्वातंत्र्यासाठी झटणाऱ्या गदर पार्टीचं मुख्यालय सान फ्रान्सिस्कोतच होतं आणि वैष्णो दास त्या चळवळीतले.

[दृश्य: एंजल आयलंड, तपासणी केंद्राची जुनी छायाचित्रं]

त्या काळी आशियातून येणाऱ्यांची वाट सान फ्रान्सिस्कोच्या खाडीतल्या एंजल आयलंड या बेटावर अडवली जायची. बगाईंनाही तिथे थांबवून ठेवलं. मग वैष्णो दासांनी सोबत आणलेली पुंजी दाखवली. सोन्याच्या रूपात तब्बल पंचवीस हजार डॉलर! घरदार विकून उभी केलेली ही रक्कम पाहिल्यावर अधिकाऱ्यांचा सूर बदलला.

शहरात पाऊल पडतं न पडतं तोच बातमीही आली. कुणाची? कालाबाईंच्या नाकातल्या हिऱ्याची! वर्तमानपत्रानं छापलं की ही नवी फॅशन आली आहे. आपल्याकडे चमकी घातलेल्या बाईकडे कुणी वळूनही बघत नाही. तिथे त्या एका खड्यानं बाई परकी ठरली.

पुढे बर्कलीत घर घेतलं. सामान गाडीवर लादून कुटुंब दारापर्यंत पोचलं, तर शेजाऱ्यांनी घराला कुलूप ठोकलेलं. भारतीय शेजार त्यांना नको होता. कालाबाईंनी पतीला सांगितलं, मला इथे राहायचं नाही, ही माणसं माझ्या मुलांना इजा करतील. भरलेली गाडी तशीच मागे फिरली.

[दृश्य: दुकानातलं छायाचित्र]

हे वैष्णो दास. अंगात सूट, मागे मालानं गच्च भरलेल्या फळ्या. सान फ्रान्सिस्कोच्या फिलमोर स्ट्रीटवर त्यांनी दुकान थाटलं, ‘बगाईज बझार’. इंग्रजी सफाईदार, वागणं-बोलणं शहरातल्या कुठल्याही व्यापाऱ्यासारखं. १९२१ मध्ये त्यांना अमेरिकेचं नागरिकत्व मिळालं. इंग्रजांची प्रजा हा शिक्का पुसला गेला. मला वाटतं, या माणसाच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी कमाई हीच होती. दुकान त्यानंतर.

आणि तीच गेली.

१९ फेब्रुवारी १९२३. नागरिकत्व मागणाऱ्या भगतसिंग थिंद या भारतीयाच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला. नागरिकत्व ‘गोऱ्या’ माणसासाठी आहे, आणि सामान्य माणूस ज्याला गोरा म्हणतो त्यात भारतीय बसत नाही. थिंद यांनी पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात नोकरी केली होती. त्याचाही उपयोग झाला नाही. या निकालाच्या आधारे सरकारनं आधी दिलेली नागरिकत्वंसुद्धा काढून घ्यायला सुरुवात केली. त्यात बगाईही सापडले.

पुढचं सगळं त्यामागून ओढलं गेलं. नागरिक होण्याचा हक्कच नसलेल्यांना कॅलिफोर्नियात जमीन बाळगता येत नव्हती, तसा कायदाच होता. घर गेलं, दुकान गेलं. वैष्णो दासांना भारतात नातेवाइकांना भेटायला जायचं होतं, तर अमेरिकेचा पासपोर्ट मिळेना. इंग्रजांचा घ्या, असं सांगण्यात आलं. ज्यांच्यापासून सुटायला हा माणूस समुद्र ओलांडून आला, त्यांच्याच दारात पुन्हा उभं राहायचं!

१९२८ मध्ये वैष्णो दासांनी आत्महत्या केली. मागे ठेवलेलं त्यांचं एक पत्र सान फ्रान्सिस्कोच्या वर्तमानपत्रात छापून आलं. त्यात त्यांनी विचारलं होतं: मी आता कोण आहे? स्वतःचं आणि माझ्या मुलांचं मी काय करून ठेवलं? आणि सोन्याच्या पिंजऱ्यातलं हे जिणं जगण्याच्या लायकीचं आहे का?

[दृश्य: कालाबाई आणि तिघं मुलगे]

बगाईंची गोष्ट सांगताना बहुतेक जण इथे थांबतात. ते मला पटत नाही. कारण यापुढची वर्षं कालाबाईंची आहेत, आणि ती पुष्कळ आहेत.

परक्या देशात, पदरी तीन मुलगे, भाषा अजून पुरती आपली नाही. त्यांनी रात्रशाळेत इंग्रजी पक्कं केलं. पैशाचे व्यवहार हातात घेतले. मुलांना कॉलेजपर्यंत शिकवलं. पुढे महेश चंद्र या कुटुंबाच्या स्नेह्याशी त्यांनी दुसरं लग्न केलं. त्या पिढीतल्या विधवेनं हे पाऊल उचलणं किती धाडसाचं होतं, हे मराठी घरांना वेगळं सांगायला नको.

२ जुलै १९४६ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी ल्यूस-सेलर कायद्यावर सही केली आणि भारतीयांना नागरिक होण्याचा हक्क मिळाला. वर्षाला अवघ्या शंभर भारतीयांना प्रवेश, इतकंच त्याचं औदार्य. पण आधीपासून तिथे राहणाऱ्यांसाठी दार उघडलं. कालाबाईही अमेरिकेच्या नागरिक झाल्या. वैष्णो दास जाऊन तेव्हा अठरा वर्षं उलटून गेली होती.

दक्षिण कॅलिफोर्नियात कालाबाईंचं घर भारतीयांचं हक्काचं ठिकाण बनलं. नव्यानं आलेल्यांना त्या जेवायला बोलवत. भारतीय कलेचे कार्यक्रम घडवून आणत, अमेरिकन शेजाऱ्यांनाही आवर्जून सामील करून घेत. कुठलं पद नाही, निवडणूक नाही. तरी लोक त्यांना ‘मदर इंडिया’ म्हणायचे.

१९८३ मध्ये त्या गेल्या. त्याच्या आदल्या वर्षी घरच्यांनी त्यांची मुलाखत ध्वनिमुद्रित करून ठेवली. बर्कलीतल्या त्या कुलपाची हकीकत आपल्याला त्यांच्याच तोंडून कळते, ती या मुलाखतीमुळे. दक्षिण आशियाई अमेरिकी डिजिटल संग्रहात ती आज कुणालाही ऐकता येते.