कमरेची झोळी

मित्रहो, व्हिडिओ गेममधल्या सेनुआच्या वेशातला माझा फोटो तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला आहे. त्यावर सगळ्यात जास्त प्रश्न येतात ते चेहऱ्यावरच्या निळ्या रंगाबद्दल. तो टिकतो कसा? पाण्यात कालवलेला रंग पातळ थरांत लावायचा, प्रत्येक थर पूर्ण वाळू द्यायचा आणि वरून सेटिंग स्प्रे मारायचा. झालं. मला आज बोलायचं आहे ते तिच्या कमरेच्या झोळीबद्दल.

ज्यांनी 'हेलब्लेड: सेनुआज सॅक्रिफाइस' हा 2017 सालचा गेम खेळलेला नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. सेनुआ ही पिक्ट या प्राचीन स्कॉटलंडमधल्या जमातीची योद्धा. तिचं ज्याच्यावर प्रेम आहे त्या डिलियनचा व्हायकिंगांनी बळी दिलाय. त्याचं शिर झोळीत गुंडाळून, कमरेला बांधून ती मृतांच्या राज्यात निघाली आहे. तिथली देवता हेल, तिच्याकडून त्याचा आत्मा सोडवून आणायला. आणि सेनुआला आवाज ऐकू येतात. काही तिला हिणवतात, काही कुजबुजत सावध करतात. एखादा "मागे बघ" म्हणून ओरडतो आणि खरोखरच मागून वार येत असतो. हेडफोन लावून खेळलं की हे आवाज तुमच्याच डोक्याभोवती फिरायला लागतात.

हे कुणी आपल्या मनाने रचलेलं नाही. केंब्रिजचे मनोविकारतज्ज्ञ पॉल फ्लेचर आणि सायकोसिस, म्हणजे आवाज किंवा भास खरे वाटायला लावणारा मानसिक आजार, स्वतः अनुभवलेली माणसं या कामात सल्ला द्यायला होती. सेनुआ साकारली मेलिना युर्गन्सने. ती हा गेम बनवणाऱ्या स्टुडिओत, निंजा थिअरीत, व्हिडिओ एडिटर होती. अभिनय तिने कधी केला नव्हता, तांत्रिक चाचण्यांपुरतं तिला उभं केलं होतं. पुढे 2018 मध्ये याच भूमिकेसाठी तिला बाफ्टा हा ब्रिटनचा मानाचा पुरस्कार मिळाला. वेश शिवायच्या आधी मी कित्येक संध्याकाळी फक्त तिचे डोळे बघत बसायचे. ती समोरच्याकडे बघते तेव्हाही अर्धं लक्ष कान देण्यात असतं.

आता झोळी. पहिल्यांदा मी ती फोमच्या तुकड्यांनी भरली. आकार बरोबर, रंग बरोबर, कापडही हवं तसं मळवलेलं. पण चालायला लागले की ती उड्या मारायची. फोटोत काही चुकल्यासारखं दिसायचं आणि काय चुकलंय ते कळत नव्हतं. मग मी त्यात वाळूच्या पिशव्या घातल्या. माणसाच्या डोक्याचं वजन साधारण साडेचार-पाच किलो असतं, तेवढ्याच. चार पावलं टाकली आणि शरीर एका बाजूला कललं, कंबर भरून आली, पाऊल जड पडायला लागलं. आणि माझा हात आपोआप झोळीवर गेला, ती हिंदकळू नये म्हणून. तो हात मी कुठल्याच सरावात ठरवलेला नव्हता.

माझा भाऊ गेला त्यानंतर दोन वर्षं मी त्याचा मोबाइल चार्ज करून ठेवत होते. त्यावर कुणाचाच फोन येणार नव्हता. रोज रात्री झोपताना मी तो चार्जरला लावायचे, बस. घरात कुणी विषय काढलाच तर मी चिडायचे. त्याच्या आजारपणात मी मनाशी काही नियम बांधले होते: औषधाची वेळ चुकली नाही तर तो बरा होईल, मी रडले नाही तर बरा होईल. म्हणून सेनुआच्या हातावर सडल्यासारखी पसरणारी ती काळी कीड बघून मला धस्स झालं. गेम सुरुवातीलाच बजावतो की प्रत्येक पराभवाला ती वर चढेल, डोक्यापर्यंत पोचली की तोवरचा सगळा खेळ पुसला जाईल. मी जीव मुठीत धरून खेळले. ती धमकी पोकळ आहे, खेळ कधीच पुसला जात नाही, हे मला फार उशिरा कळलं. कळल्यावर मी कंट्रोलर खाली ठेवला आणि रडले. मी भावाच्या बाबतीत पाळलेला एकही नियम खरा नव्हता, हे तोवर मला कुणी सांगितलं नव्हतं.

मात्र इथे एक गोष्ट स्पष्ट सांगते. तिचं दुःख मला माझं वाटतं, तिचा आजार माझा नाही. स्टेजवर मी डोकं धरून किंचाळत नाही, डोळे फिरवत नाही. सुरुवातीला एका वेशभूषा स्पर्धेत मी ते केलं होतं. टाळ्या खूप पडल्या. नंतर एक मुलगी भेटायला आली. तिला आवाज ऐकू येतात. ती शांतपणे म्हणाली, "ताई, मी अशी दिसत नाही. मी बसमध्ये तुमच्या शेजारी बसलेली असते." तेव्हापासून मी स्टेजवर फक्त उभी राहते, मान किंचित वळवते आणि ऐकते. जी माणसं असं जगतात त्यांचं जगणं मी टाळ्यांसाठी वापरणार नाही. तुम्ही हा वेश करणार असाल तर तुम्हालाही माझी हीच विनंती आहे.

गेमच्या शेवटी सेनुआ ते शिर हातात घेते आणि खोल दरीत सोडून देते. तो प्रसंग करून दाखवा, असा आग्रह मला बऱ्याचदा होतो. मागच्या वर्षी मी तालीम करून पाहिली. झोळीची गाठ सोडली, हात पुढे केले. पाच किलो वाळू हातावर तोलून कितीतरी वेळ तशीच उभी राहिले, मग पुन्हा गाठ मारली. भावाचा मोबाइल आता कपाटात आहे, बंद. तो प्रसंग मी अजून केलेला नाही.