रामबागची वाट

[दृश्य: सकाळ. राजवाड्यासमोर पोह्यांच्या गाडीवर वाफ.]

निवेदन:
इंदूरच्या राजवाड्याहून रामबागेत आजी डोळे मिटून आली असती. कृष्णपुऱ्याच्या छत्र्या, पूल, मग आपली गल्ली. पन्नास वर्षांची वाट. गेल्या वर्षी गणपतीच्या आदल्या दिवशी दूर्वा आणायला गेली आणि दोन तासांनी एका रिक्षावाल्याने तिला घरी आणून सोडलं. पोह्यांत दोनदा मीठ पडलं तेव्हा आम्ही हसलो होतो. या वेळी कुणी हसलं नाही. आजोबा एवढंच म्हणाले, "वय झालं तिचं."

वय झालं की आजार झाला? जगभरातले मेंदूचे संशोधक याच प्रश्नाला भिडले आहेत.

[दृश्य: एमआरआय केंद्र. स्टीलची वाटी, साबण, सोन्याच्या पाटल्या.]

निवेदन:
पाटल्या निघेनात. आईने साबण लावून एकेक ओढून काढली. मंगळसूत्र मात्र आजोबांनी स्वतःच्या खिशात ठेवलं, तेव्हाच ती झोपायला तयार झाली. "माताजी, हिलना मत." मग अर्धा तास ठकठक. एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात. 3 टेस्लाचं यंत्र असेल, तर त्याचा चुंबक पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे 60,000 पट ताकदीचा. शरीरातल्या पाण्यातला हायड्रोजन रेडिओ लहरींनी डिवचला, की तो जे उत्तर देतो त्यातून चित्र उभं राहतं.

[दृश्य: पडद्यावर मेंदूचा आडवा छेद.]

निवेदन:
कानाच्या पातळीवर, आत खोल, करंगळीएवढा हा भाग: हिप्पोकॅम्पस. आपण कुठे आहोत हे उंदराला कळतं ते इथल्या पेशींमुळे, असं जॉन ओकीफ यांनी 1971 मध्ये दाखवलं. त्याच्या उंबरठ्यावरच्या भागात मोझर दांपत्याला जागेचं मोजमाप ठेवणाऱ्या पेशी सापडल्या. तिघांना 2014 चं नोबेल मिळालं. अल्झायमरमध्ये टाऊ प्रथिनाचे गुंते सर्वात आधी दिसू लागतात, ते याच उंबरठ्याजवळ. आजीची वाट चुकली ती उगीच नव्हे.

1906 मध्ये अलोइस अल्झायमर यांनी आपल्या एका रुग्ण स्त्रीच्या मेंदूतले गुंते आणि साके दाखवले, पण ती गेल्यानंतर, सूक्ष्मदर्शकाखाली. जिवंत माणसाच्या डोक्यात हे पाहायला जवळजवळ शंभर वर्षं गेली. पिट्सबर्गमध्ये तयार झालेलं एक किरणोत्सारी द्रव्य या साक्यांना, म्हणजे साचलेल्या ॲमिलॉइड प्रथिनाला, चिकटतं. 2002 मध्ये स्वीडनमधल्या उप्साला इथे ते पहिल्यांदा माणसाला देऊन पेट (PET) स्कॅन केला गेला, म्हणजे त्या द्रव्याचे किरण टिपून चित्र काढलं गेलं. त्यातला किरणोत्सारी कार्बन दर 20 मिनिटांनी निम्मा होतो, म्हणजे द्रव्य बनवायचं आणि धावत सुटायचं! पुढे 110 मिनिटांनी निम्मं होणारं फ्लोरिन आलं, मग ते गावोगाव पाठवता येऊ लागलं.

त्या स्कॅनने कोडं सोडवलं, असं मात्र नाही. ॲमिलॉइड साचूनही नीट हिशेब ठेवणारी म्हातारी माणसं सापडली. लक्षणं दिसण्याच्या पंधरा-वीस वर्षं आधीच ते साचू लागतं, हेही कळलं. हिप्पोकॅम्पस तर निरोगी म्हातारपणातही आकसतो. अल्झायमरमध्ये तो जास्त वेगाने आकसतो. वेग एका फोटोत दिसत नाही. म्हणून 2004 मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या एडीएनआय या अल्झायमरचा मागोवा घेणाऱ्या प्रकल्पात त्याच माणसांचे पुन्हापुन्हा स्कॅन होतात, आणि ते जगभरच्या संशोधकांना खुले आहेत. आपल्याकडे कोलार जिल्ह्यातल्या श्रीनिवासपूरच्या खेड्यांतली माणसं बंगळुरूच्या संशोधकांसाठी अशीच वर्षानुवर्षं तपासून घेतात. मला हे काम नोबेलइतकंच मोठं वाटतं. भारतात साठीपुढच्या सुमारे 88 लाख लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज आहे, आणि परदेशी मेंदूंच्या मापाने आपल्या आज्या किती मोजायच्या?

[दृश्य: रामबागेतलं घर. भिंतीवर दिनदर्शिका.]

निवेदन:
आजीच्या अहवालात लिहिलं होतं: हिप्पोकॅम्पस वयाच्या मानाने थोडा लहान. डॉक्टर म्हणाले, वर्षाने परत काढू, मग बोलू. पाटल्या हातात चढवताना आजीने विचारलं, "या कुणी काढल्या होत्या?" आजोबांनी दिनदर्शिकेवर खूण केली.

"पुढच्या वेळी घरीच काढून ठेवू हं," ते म्हणाले.